उर्वरित मजकूर पान चारवर

रविवारी सकाळी बाबांच्या हातात कात्री असली की आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. आधी सगळ्यांची बुद्धवंदना व्हायची, मग चहा, आणि मग बाबा हॉलमधल्या टेबलावर रविवारची पुरवणी अंथरायचे. स्टीलची पट्टी, कारखान्यातून आणलेली लांब पात्यांची कात्री, लाल पेन्सिल आणि डिंकाची बाटली उजव्या हाताला मांडलेली असे. डिंक लावायचं काम माझं. 'कसं काय, बरं आहे ना?' हे डॉ. रत्नाकर केसकरांचं सदर पहिल्या पानावर चौकटीत यायचं. बाबा पट्टी धरून चौकटीच्या रेघेवरून ते असं कापायचे की कडेला रेघेचीसुद्धा जाडी शिल्लक राहू नये. ते फायलीत चिकटवायचं, खाली लाल पेन्सिलने 'ओके' लिहून छोटी सही करायची आणि त्यानंतरच वाचायचं. न चिकटवता वाचणं म्हणजे बाबांच्या लेखी जेवणाआधी बडीशेप खाण्यातला प्रकार होता. उरलेली पुरवणी आईकडे जायची आणि मांडणीवर डब्यांच्या खाली अंथरली जायची.

बाबा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. मोरिवली गावाला लागून असलेल्या कॉलनीत आम्ही राहायचो. बाबांच्या कामाची एक पद्धत होती. पिंप उघडायचं, वरचा नमुना काढायचा, तपासायचा, आणि नमुना पास झाला की अख्खा लॉट पास. पिंपाच्या तळाशी काय आहे ते बघायला वेळ कुणाला असतो? ही पद्धत कारखान्यात वर्षानुवर्षं चालली, म्हणून ती घरीही चालेल याबद्दल त्यांना शंका नव्हती. माझ्यासाठी स्थळ बघायला गेले तेव्हासुद्धा त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला आणि मान डोलावली. तो लॉट पुढे बरा निघाला, हा माझ्या नशिबाचा भाग.

डॉ. केसकर आमच्या घरचे देव नव्हते, कारण देव आमच्याकडे नव्हतेच. पण त्या रिकाम्या जागेवर ते ऐसपैस बसले होते. मी आठवीत 'माझा आदर्श' या विषयावर त्यांच्यावर निबंध लिहिला आणि वर्गात वाचून दाखवला. मला डॉक्टर व्हायचं होतं ते त्यांच्यामुळे. सदराबरोबर त्यांचा पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो यायचा. हनुवटीखाली बोट टेकवून ते आमच्याकडे असे बघायचे की आपल्याला काय झालंय हे यांना आपल्याआधी कळलंय असं वाटावं. घरात कुणी शिंकलं की बाबा अनुक्रमणिका काढायचे. हो, फायलीला अनुक्रमणिका होती. ताप, पान अकरा. जुलाब, पान सत्तावीस. मला कावीळ झाली तेव्हा पान चाळिसावरून सिद्ध झालं की पिवळ्या आजारात पिवळं खाऊ नये, आणि तीन आठवडे आमच्या घरात वरणाला हळद लागली नाही. कपड्यांच्या खळीसारखं पांढरंफटक वरण मी डोळे मिटून गिळायचे. शेजारच्या गायकरकाकू बघायला आल्या, ताटात डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय गो हां, पोरीला काय खल खायला देतंस?" बाबांनी त्यांना पान चाळीस दाखवलं. काकूंना वाचता येत नव्हतं, पण छापलेलं आहे म्हटल्यावर त्यांनीही मान हलवली.

बाबांना हसणं सोपं आहे, आणि मी या प्रकरणात ते पुष्कळ करणार आहे. पण एक सांगायला हवं. माझ्या आजोबांना पोस्टकार्ड वाचता यायचं नाही. आलेलं पत्र घेऊन ते गावात दुसऱ्याच्या ओट्याखाली उभे राहायचे, ओट्यावर चढायची सोय नव्हती. वरचा माणूस त्याच्या सवडीने वाचायचा, मन असेल तेवढं वाचायचा. त्यांचा मुलगा शिकून ऑफिसर झाला आणि टेबलाशी बसून मोठ्या डॉक्टरने लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागला. अशा माणसाला छापलेल्या शब्दाबद्दल शंका घ्यायला सांगणं कठीण असतं. त्या काळात मला एवढं समजत नव्हतं. मला फक्त डिंकाचा वास आवडायचा.

आता आईचं. आमच्या घराला एक आवाज होता आणि तो आईच्या छातीतून यायचा. बारीक शिट्टीसारखा. कारखान्यांनी संध्याकाळी धूर सोडला की तो चढायचा, फोडणी दिली की चढायचा, थंडीत तर उशी भिंतीला टेकवून ती बसूनच झोपायची. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबला तरच दचकलो असतो. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये माझी मावशी राहायची. एकदा तिच्याकडे गेलेलो असताना आईला दम लागला आणि मावशीने तिला खालच्या सिंधी डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर होते. दवाखाना म्हणजे कापडाच्या दोन दुकानांमधली बोळकांडी. डॉक्टरांनी आईच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, एकीकडे बाहेर ओरडणाऱ्या हातगाडीवाल्याला हाताने गप्प केलं, आणि म्हणाले, "भाभी, दमा है. पंप लेने का. रोज दो टाइम. घाबरायचं नाय, सवय-बिवय काय लागत नाय." चिठ्ठीवर त्यांनी जे लिहिलं ते मुंगीने पाय पुसल्यासारखं होतं.

बाबांनी घरी ती चिठ्ठी उजेडात धरून पाहिली. ज्या डॉक्टरने आयुष्यात एक ओळ छापून आणली नाही त्याचं मत किती धरायचं, हा प्रश्नच होता. त्यांनी फाइल काढली. दमा, पान त्रेसष्ट. डॉ. केसकरांनी लिहिलं होतं की पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा तोंडाला लागला की सुटत नाही, छाती आळशी होते, पंप घेणारा माणूस पंपावरच जातो. भाषा अशी रसाळ की वाचणाऱ्यालाच धाप लागावी. बाबांनी आईला मायेने समजावलं, "अगं, आपण तुझं वाईट करू का? अडुळसा घे, वाफ घे." चिठ्ठी त्यांनी पंच मारून फायलीच्या शेवटी लावली. टाकून द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

पुढचं लिहिताना मला अजून लाज वाटते. एका संध्याकाळी आईला फार जोरात दम लागला. ओट्याला दोन्ही हात टेकून ती उभी होती, मानेच्या शिरा ताणलेल्या. बाबा कामावर होते. ती मला कसंबसं म्हणाली, "मावशीकडे जा... त्या डॉक्टरांकडून... तो पंप..." आणि मी, चौदा वर्षांची भावी डॉक्टर, हॉलमधून फाइल आणून तिला पान त्रेसष्ट मोठ्याने वाचून दाखवलं. स्पष्ट उच्चारात, स्वल्पविरामांसकट. ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी विसरले असते.

डॉ. केसकर अंबरनाथला येणार ही बातमी आमच्या कॉलनीच्या मंडळाचे सेक्रेटरी गायकरकाका घेऊन आले. "जाधवसाहेब, तुमचा डाक्टर येतंय. रविवारी, दहा वाजता, शालेच्या हालमंदी." बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले, डॉक्टर दारातच असल्यासारखे. हार कोणी घालायचा, परिचय कोणी करून द्यायचा यावर मंडळात चार दिवस भांडणं झाली. परिचय बाबांच्या वाट्याला आला. पण जेवायला डॉक्टर कोणाकडे, हा मुद्दा निघाला तेव्हा एरवी मंडळाच्या बैठकीत चहापुरतीच येणारी आई दारात उभी राहून म्हणाली, "आमच्याकडे." गायकरकाका म्हणाले की आमचं घर लहान आहे, पाच जणांची धड पंगत बसत नाही. आई म्हणाली, "ते एकटेच जेवतील ना? आमच्याकडे." मला फार बरं वाटलं. अखेर आईही त्यांची भक्त झाली, असं मी समजले.

मग घरात साफसफाई निघाली. आईने मांडणीचे सगळे कप्पे धुतले, नवे कागद अंथरले. एक मधला कप्पा मात्र तिने सोडला. त्या कप्प्यावर हळद, तिखट, तेलाची बरणी असायची, आणि कागद तेलाने पारदर्शक झाला होता. दोन दिवाळ्या गेल्या तरी तो बदलला नव्हता. मी ओढायला गेले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. "तो राहू दे." पाहुणा डॉक्टर स्वयंपाकघरात कशाला येतोय, म्हणून मीही सोडून दिलं.

जेवण काय करायचं हे बाबांनी फायलीतून ठरवलं. मीठ बेताचं, तेल नाही, तळण नाही, वाटलेला मसाला नाही. आईने यादी ऐकून घेतली आणि सुकटीची चटणीही भाजून ठेवली. बाबांनी विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "आपल्याला."

डॉक्टर आले ते फोटोपेक्षा दुप्पट रुंद होते. पांढरा सफारी, खिशात दोन पेनं. बाबांनी परिचयाचं भाषण पाठ केलं होतं, पण ते सुरू होताच डॉक्टर घड्याळ बघू लागले, म्हणून बाबांनी शेवटचं वाक्य आधी म्हणून टाकलं. डॉक्टरांचं भाषण तासभर झालं. त्यात त्यांनी आपलं बालपण, आपले गुरुजी, आपल्याला आलेली वाचकांची पत्रं आणि एका मंत्र्याच्या आईचा गुडघा एवढ्या विषयांना स्पर्श केला. मी पहिल्या रांगेत वही उघडून बसले होते. वहीत शेवटी 'गुडघा' एवढाच शब्द लिहिलेला निघाला. तरीही मी टाळ्या वाजवल्या, आणि तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या, कारण भक्ताला काय मिळालं हे विचारायची पद्धत नसते.

घरी जेवायला बसल्यावर डॉक्टरांनी बिनतेलाच्या भाजीकडे पाहिलं, दोन घास खाल्ले आणि आत बघत म्हणाले, "वास कसला येतोय हो? सुकट का?" आईने चटणी वाढली. ते तीन भाकऱ्या त्या चटणीबरोबर खाऊन मोकळे झाले आणि वर लोणचंही मागितलं. बाबा लाजेने खाली बघत होते. आई दर वेळी वाढायला वाकायची तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी अख्ख्या खोलीत ऐकू यायची. मला वाटत होतं, आता डॉक्टर वर बघतील, आता विचारतील. त्यांनी भाकरी मागितली.

हात धुतल्यावर बाबांनी फाइल समोर ठेवली. डॉक्टर खूश झाले. पानं उलटत "वा, वा, काय जपलंय" म्हणत राहिले. वाचलं त्यांनी काहीच नाही. स्वतःचा फोटो प्रत्येक पानावर नीट चिकटलाय की नाही एवढं पाहिलं. बाबांनी धीर करून पान त्रेसष्ट काढलं. "सर, तुमच्या या लेखामुळे आमच्या घरात पंप आला नाही. नाहीतर आम्ही फसलोच होतो."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले, आणि लेखाखाली, बाबांच्या 'ओके'च्या शेजारी, त्यांनी झोकदार सही केली.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसून तिने तो तेलकट कागद टेबलावर ठेवला. त्यावर डब्यांच्या बुडाची गोल वर्तुळं होती, एक हळदीचं, एक तिखटाचं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं, 'पान एकवरून पुढे'. "साहेब," ती म्हणाली, "हे तुमचंच का, बघता? खाली नाव नाही, म्हणून विचारते."

डॉक्टरांनी चष्मा काढून परत लावला. कागद दोन बोटांत धरला. "माझंच आहे की! पण हे असं... डब्याखाली?"

"तिथे रोज वाचता येतं साहेब. हात कामात असतात, डोळे मोकळे असतात. जरा मोठ्याने वाचाल?"

स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचायला सांगितल्यावर नाही म्हणणारा लेखक मला अजून भेटायचा आहे. त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं. "वर सांगितलेल्या या सगळ्या समजुती आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाचकहो, त्या साफ खोट्या आहेत. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट छातीत जातं, म्हणून ते थोडंसंच पुरतं. पंप टाळल्याने माणूस गुदमरतो, पंप घेतल्याने नव्हे..." वाचता वाचता त्यांना आपल्या शैलीचं कौतुक वाटू लागलं होतं. मग ते थांबले, फायलीतल्या पान त्रेसष्टाकडे वळले, खाली बोट ठेवलं आणि ओरडले, "अहो जाधव, तुम्ही माझा लेख अर्धाच कापलात! मी नेहमी आधी लोक काय म्हणतात ते लिहितो, मग ते खोडतो. ती माझी पद्धत आहे! खाली 'उर्वरित मजकूर पान चारवर' असं स्पष्ट छापलेलं असतं!"

असायचं. चौकटीच्या रेघेखाली असायचं. बाबा रेघेवरून कापायचे.

बाबांनी फाइल ओढून घेतली आणि ते पानं उलटू लागले. ताप, जुलाब, कावीळ. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. इतकी वर्षं आम्ही महाराष्ट्रातले झाडून सगळे गैरसमज गोळा केले होते, अनुक्रमणिका लावली होती, आणि मोठ्या डॉक्टरच्या नावाने पाळले होते.

"सर, म्हणजे पंप द्यायचा?" बाबांनी विचारलं.

"अहो, लिहिलंय ना!"

"मग इथं सही करा साहेब," आई म्हणाली. "नाव नव्हतं म्हणून दोन वर्षं कुणी मानलं नाही." डॉक्टरांनी हळदीच्या वर्तुळात सही केली. एवढं बोलून आईला दम लागला होता. ती दाराला धरून उभी राहिली, शिट्टी जोरात वाजू लागली. डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग ते बाबांकडे वळून म्हणाले, "यांना दम्याचा त्रास आहे का?"

माझा आदर्श त्या क्षणी संपला. निबंधाला दहापैकी आठ मिळाले होते, ते परत करायची सोय नव्हती.

डॉक्टरांची गाडी गेल्यावर मी आईला विचारलं, तू आधीच का नाही बोललीस? ती म्हणाली, "बोलले होते की. लेख आला त्याच आठवड्यात. तुझे बाबा म्हणाले, खाली नाव कुणाचं आहे? नाव कुठे होतं? दुसऱ्या कुणाचा असेल, म्हणाले." ती डबे परत कप्प्यावर लावू लागली. "मग म्हटलं, ज्याचं नाव लागतं त्यालाच जेवायला बोलवू."

बाबांनी सोमवारी रजा टाकली. ती आम्ही कधी पाहिली नव्हती. आईला घेऊन ते कॅम्प एकला गेले, मलाही नेलं. बोळकांडीतल्या बाकावर दीड तास बसलो. बाबांनी सहीचा कागद डॉक्टरांपुढे धरला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. "ये मेरेको कायको दाखवता, साब? मैंने तो तभी बोला था. भाभी को पंप दो ना." त्यांनी स्वतः आईला पंप कसा ओढायचा ते शिकवलं. श्वास सोडा, तोंडात धरा, दाबा, आत ओढा, दहा आकडे थांबा, मग चूळ भरा. चार वेळा चुकली, चारही वेळा ते न चिडता परत पहिल्यापासून म्हणाले. बाबांनी वही काढली. "डॉक्टर, पुढे काय?" डॉक्टर म्हणाले, "पुढे काय नाय. रोज दो टाइम. बस."

पंधरा दिवसांत घरातला आवाज थांबला. एका रात्री मी दचकून उठले आणि आत जाऊन पाहिलं. आई आडवी होऊन, पाय पसरून झोपली होती. उशी तिच्या डोक्याखाली होती, भिंतीला नव्हती. बाबा जागे होते. ते तिच्याकडे बघत होते. मला म्हणाले, "झोप. ठीक आहे ती." त्यांनी माझ्यासमोर तरी तिची माफी मागितली नाही. डॉ. केसकरांचं सदर पुढेही येत राहिलं, पण रविवारी कात्री निघाली नाही. फाइल माळ्यावर गेली.

मी डॉक्टर झाले नाही. डी.फार्म केलं आणि बदलापूरला औषधांचं दुकान टाकलं. आता ते मुलगी बघते, मी दुपारी गल्ल्यामागे बसते. रोज कुणीतरी फोन पुढे करतं. "काकी, हे बघा, यात लिहिलंय पंपाची सवय लागते." मी म्हणते, बोट वर सरकवा, खाली अजून आहे का बघा. लोकांना राग येतो. बाबांना आला नव्हता एवढा येतो.

बाबा गेले त्यानंतर माळा साफ करताना फाइल सापडली. मी ती आईपुढे ठेवली. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पंप उशाशी असतो. आम्ही पानं उलटली. प्रत्येक कात्रणाखालचा 'ओके' लाल पेन्सिलने खोडलेला होता. सगळे. अकरा, सत्तावीस, चाळीस. प्रत्येक ठिकाणी 'रिजेक्टेड' आणि खाली छोटी सही. हे त्यांनी कधी बसून केलं कोण जाणे. त्रेसष्टनंतर तो तेलकट कागद चिकटवलेला होता. डॉक्टरांची हळदीतली सही पुसट झाली होती. त्याखाली कारखान्याच्या फॉर्मवर असतं तसं बाबांनी पट्टीने चौकट आखून लिहिलं होतं, 'तपासणारी'. आणि पुढे आईचं पूर्ण नाव: शांताबाई शंकर जाधव.

आई त्या नावाकडे खूप वेळ बघत राहिली. एकदा त्यावरून बोट फिरवलं. मी रडत होते, ती नव्हती. मग तिने पान उलटून मागची बाजू पाहिली, पुढे आणखी काही लिहिलंय का ते.